बोगद्याच्या तोंडाशी बसलेली सवत

मी एक नवस बोलले होते. देवा, मला या घरातून फेकू देऊ नकोस, मी कुणाचा हेवा करणार नाही. तो नवस मला आठ दिवसही पाळता आला नाही.

मी रुळाची एक जाड पट्टी बोलतेय. गोलबर्न गावात मर्व्ह टकवेलच्या गॅरेजात लाकडी फळीवर छोटी रेल्वे मांडलेली आहे, तिथली.

नवस बोलायला मी मर्व्हच्या बायकोकडून, बर्नाकडून शिकले. काही अडलं की ती संत अँथनीला काहीतरी कबूल करते. कधी केक सोडते, कधी चहातली साखर. तिचे वडील जन्मभर खरी इंजिनं चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी हाताने एक छोटं काळं इंजिन घडवलं. ते तीस वर्षं माझ्या पाठीवरून धावलं.

मग ती आली. रुळाची नवी पट्टी, बारीक, नाजूक. छोट्या रेल्वेच्या क्लबातला क्लेम तिला खोक्यातून घेऊन आला.

"मर्व्ह, खरा रूळ असा दिसतो बघ. तुझे म्हणजे गटाराचे पाइप रे!"

आणि मर्व्ह हसला. तीस वर्षं झिजले मी, आणि हा हसला!

समोरच्या स्टेशनात सगळीकडे तिला बसवलं. माझ्या बहिणी बिस्किटांच्या डब्यात गेल्या. मला तेवढं डोंगरामागच्या बोगद्यात ठेवलं, कारण तिथे कोण बघतंय? बोगद्याच्या तोंडाशी माझं टोक तिच्या टोकाला भिडलं. चोवीस तास सवतीच्या गालाला गाल!

शनिवारी बर्नाची एक्याण्णव वर्षांची आई येणार होती, नवऱ्याचं इंजिन एकदा पूर्ण फेरी मारताना बघायला. ती फेरी होईपर्यंत बर्नाने साखर सोडली होती.

गुरुवारी मर्व्हने इंजिन सोडलं. स्टेशनातून ते तिच्यावरून झोकात आलं, माझ्या टोकावर आपटलं, उलटलं आणि थेट खाली फरशीवर. इंजिनाची पुढची पायरी वाकली.

सांगायला लाज वाटते, पण मी खूश झाले. बघा म्हटलं, तुमची नाजूक राणी!

क्लेम म्हणाला, "ती जाडी काढ रे बाबा. बोगद्यातही बारीकच घालू."

माझा आनंद तिथेच जिरला.

तेवढ्यात बर्ना चहा घेऊन आली. वाकलेली पायरी पाहून तिचा चेहरा उतरला. तिने आम्हा दोघींच्या सांध्यावरून नख फिरवलं.

"मर्व्ह, नख अडतंय इथे."

"कसं अडेल? दोघी एकाच फळीवर आहेत."

"अरे, बाबांचं इंजिन फळीवरून धावतं का? रुळाच्या डोक्यावरून धावतं. डोकी एका उंचीला आण, पाय कुठे का असेनात."

"क्लबचा अध्यक्ष हिलाच करू या," क्लेम पुटपुटला.

"आधी तुझा चहा घे, गार होतोय," बर्ना म्हणाली.

तिने नाश्त्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि सवतीखाली दोन घड्या सरकवल्या. मर्व्हने दोन रुळांची टोकं धरणाऱ्या जोडपट्टीचा अर्धा भाग पकडीने दाबून सपाट केला. उरलेल्या अर्ध्यात माझा पाय घट्ट बसला, सपाट भागावर ती उभी राहिली. मग सांध्याला वितळलेल्या कथलाचा डाग दिला. त्या आचेत मला कळलं, ती थरथरत होती. इंजिन पडल्याचा आळ आपल्यावर येईल म्हणून तीही भ्यायली होती की काय?

शनिवारी इंजिन आलं. तिच्यावरून माझ्यावर, बोगद्यातून बाहेर, पूर्ण फेरी. बर्नाची आई कान देऊन बसली होती. "सांध्यावर आवाजच नाही गं," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. बर्नाने चहात दोन चमचे साखर घातली.

हेवा संपला का? नाही हो. सगळे तिलाच बघतात, मी अंधारात. पण आता मी नवस लहान केलाय. इंजिन आमच्या सांध्यावरून जाईपर्यंत, तेवढा एक क्षण, तिच्याबद्दल मनात वाईट आणायचं नाही. तेवढा मात्र रोज पाळते.

तुमचीही कुणी असेलच, जिचं कौतुक कानाला टोचतं. जन्मभराचा नवस नका बोलू, मोडेल. तिच्या हातून काही घेताना, तिच्या हाती काही देताना, तेवढ्यापुरता बोला. बोलाल ना?