सकाळचं 'जाऊ दे'

सकाळी नऊला वृषालीनं कॉम्प्युटर लावला आणि पडदा काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. वायर हलवून झाली, बंद-चालू करून झालं, रेघ काही हटेना. मांडीवरची सात महिन्यांची यशू त्या रेघेकडं बघून खुदकन हसली. तिचं काय जातंय हसायला.

वृषालीचं मात्र जात होतं. तेरखेड्याला बाबामियाँचा फटाक्यांचा कारखाना. त्यांच्या फुलबाजीच्या डब्याचं नवं लेबल, बाळंतपणानंतरचं तिचं पहिलं काम. बारापर्यंत ते बार्शीच्या प्रेसला पोचलं नाही तर यंदाही डबे जुन्याच लेबलात निघणार होते. तिनं भीतभीत फोन केला, तर बाबामियाँ एवढंच म्हणाले, "बेटी, बारा वाजेस्तोवर थांबतो. पुढं प्रेसवाला माझं ऐकायचा न्हाय."

काल सकाळी मशीननं अपडेट मागितलं होतं आणि यशूला पाजता पाजता तिनं एका हातानं 'हो' दाबलं होतं. त्यात नवा कर्नल आला होता, म्हणजे सिस्टिमचा गाभाच. तिचा नवरा बुद्धघोष पतसंस्थेत कारकून. चहा पिता पिता तो म्हणाला, "काल तूच हो म्हणलीस ना अपडेटला?"

वृषालीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "चुकलं माझं. तुमचंबी काम असतं त्याच्यावर."

"जाऊ दे," तो म्हणाला. "होतं असं." लेकीचा गालगुच्चा घेऊन तो गाडीवर बसून भूमच्या बाजारपेठेकडं गेला. किती समजूतदार माणूस मिळाला, असंच वाटलं तिला त्या घडीला.

मग तिनं परंड्याला जास्मिनला फोन लावला. दोघी एकाच कोर्सला होत्या. या जुन्या मशीनवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम बसवून दिली तीही जास्मिननंच. तिनं समजावलं, की पडद्यावर चित्र आणणारा ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो, तेवढा बांधायचा राहिला असेल. घाबरायचं काम नाही. नवा आला तरी मशीन जुना कर्नल जपून ठेवतं. चालू होतानाच्या यादीतून जुना निवडायचा, की झालं.

वृषालीनं यादी उघडली. यादीत एकच कर्नल होता, नवा.

जास्मिननं तिला यादी परत वाचायला लावली. मग म्हणाली, "जुना आपलाआपण जात नसतो गं. नोंद बघ."

यशूला पाळण्यात टाकून, पायानं झोका देत वृषाली चित्राशिवायच्या, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेली. मशीन सगळं लिहून ठेवतं. काल दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी जुना कर्नल काढला होता. कुणाच्या सांगण्यावरून, तेही पुढं होतं: बुद्धघोष.

त्याचं खातं तिनंच उघडून दिलं होतं, सगळ्या अधिकारांसकट. नवऱ्याला कसली कडी लावायची, म्हणून नको म्हणणाऱ्या जास्मिनला हसली होती तेव्हा.

काल दुपारी लस टोचून आल्यावर यशू तापली होती. तो अर्ध्या दिवसाची रजा काढून आला आणि म्हणाला, तू झोप तिच्यापाशी, मी हाय. त्या 'मी हाय'वर ती गाढ झोपली होती.

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. परवा त्यानं चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ मशीनवर घेतला होता, त्यानं डिस्क गच्च भरली. जागा नाही म्हणून ड्रायव्हर बांधला गेला नाही. जागा करायला त्यानं जुना कर्नल उपटून टाकला. मशीन बंद-चालू केलेलं नव्हतं, म्हणून ते जुन्यावरच चालत होतं; अशा वेळी ते विचारतं, की हा चालू कर्नल आहे, थांबू का? त्यानं 'नको' म्हटलं असणार. आणि सकाळी काळा पडदा बघून त्याला सगळं उमगलंही असणार.

साडेअकरा झाले होते. तो व्हिडिओ उडवायचा हुकूम तिनं टाइप केला. बोट एंटरवर नेलं आणि मागं घेतलं. नवऱ्याला फोन लावला.

"लग्नाचा व्हिडिओ काढू का? तुम्हाला विचारून काढते."

पलीकडं नोटा मोजायच्या यंत्राची घरघर. मग तो हळूच म्हणाला, "काढ. पेनड्राइव्हमधी हाय तो." आणि थोड्या वेळानं, "तुला कळलं व्हय?"

तिनं फोन ठेवला, व्हिडिओ उडवला. फोनचं इंटरनेट जोडून, जास्मिन सांगेल तसा ड्रायव्हर बांधला, मशीन परत लावलं. काळ्या पडद्यातून आधी निळा रंग आला, मग तिच्या फुलबाजीच्या ठिणग्या. बाराला सहा मिनिटं कमी असताना लेबल गेलं.

दुपारी तो जेवायला आला. तिनं ताट वाढलं, भाकरी गरम दिली. तो खाली मान घालून म्हणाला, "तू चिडशील म्हणून बोललो न्हाई."

"कर्नलचं काय न्हाई," वृषाली म्हणाली. यशूची मूठ तिच्या पदरात अडकली होती, ती एकेक बोट सोडवत होती. "माझ्या हातनंबी गेला असता. पण म्या तुमची माफी मागितली, अन् तुम्ही ती घेतली. सकाळचं ते 'जाऊ दे' तेवढं परत घ्या."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. ती वाट बघत बसली.