अर्धी मात्रा

“आई, सगळ्यांनी आवाज बंद ठेवायचाय. तूसुद्धा,” लेक फोनवर बोट दाबत म्हणाली.

“मी? अगं, मग पालुपद कोण उचलणार?”

साथीच्या आजारामुळे चर्चला कुलूप होतं. मागच्या रविवारी पाळकांनी फोनवरूनच गाऊन प्रवचन सुरू केलं आणि साऱ्या मंडळीनं हौसेनं सूर मिळवला. पण फोनवर प्रत्येकाचा आवाज उशिरा पोहोचायचा. एकाचं पालुपद संपतं तोवर दुसऱ्याचं सुरू! “मंडळी, ही उपासना की बाजार?” म्हणत पाळकच हसले होते. म्हणून आज हा हुकूम.

लेकीचं ऐकून शिंपीणबाई हिरमुसून शिलाई मशीनपुढं बसली. पाळकांनी कडवं गावं आणि तिनं न् तिच्या धाकट्या दिरानं मागून पालुपद उचलावं, ही वर्षानुवर्षांची वहिवाट. दीर मात्र हमखास अर्धी मात्रा मागे. “भाऊजी, तुम्ही पोहोचेस्तोवर स्वर्गाचं दार लागेल हो!” असं ती दर रविवारी सुनावायची. आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, नुकताच दुखण्यातून उठलेला, एकटा. कुणाच्या कानी पडणारच नसेल, तर त्या गाण्याला उपासना म्हणायचं तरी कसं?

पाळकांचा खडा आवाज घुमला. वादळातल्या होडीची गोष्ट रंगली, शिष्य घाबरले, प्रभू उठला, आणि पालुपदाची जागा आली. शिंपीणबाईचे ओठ मिटलेलेच.

पालुपद दुसऱ्या खेपेला आलं तेव्हा मात्र, रविवार म्हणून पट्टा उतरवलेल्या मशीनच्या पॅडलवर तिचा पाय आपसूक ठेका धरू लागला. तिकडे भाऊजी एकटेच गात असतील, असं मनात आलं आणि तिनं गळा मोकळा सोडला.

उपासना आटोपताच दिराचा फोन.

“वहिनी, आवाज बंद असला तरी आज तुमच्या बरोबरीनं गायलो हां! म्हटलं, एकदा तरी बोलणी नकोत. चांगली घाई केली.”

“अहो, काय हे! मी तर तुमच्यासाठी थांबून थांबून गायले!”

“म्हणजे आज तुम्ही मागे?”

“चक्क अर्धी मात्रा!”

दोघं इतकी हसली की त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत शिंपीणबाई फोन कानाशी धरून थांबली.

“पुढच्या खेपेला घाई नको, भाऊजी,” मग ती म्हणाली. “तुम्ही आपले नेहमीसारखे या. मी आहे.”

पुढच्या रविवारी पुन्हा पालुपद आलं. गाता गाता शिंपीणबाईचा पाय अर्धी मात्रा वरच थांबला, आणि मग अलगद खाली आला.