शून्य मिनिटांचे प्रवासी

मेट्रोच्या कचेरीत प्रवासाचा वेळ मोजणाऱ्या ताईंना माणसांची शिसारी जुनीच होती. त्या सकाळी आकड्यांचीही आली.

आत शिरताना कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. मधला काळ म्हणजे प्रवास. पण गाड्या इतक्या तुडुंब, की तीन-तीन सुटल्यावर माणसं वैतागून आली त्याच फाटकातून बाहेर पडत. चाळीस मिनिटं घामाच्या वासात उभी राहून, कुठंही न जाता. साहेबांचा हुकूम होता, अंतर शून्य म्हणून वेळही शून्य धरा आणि सरासरीत मिळवा. मग काय, मधल्या स्टेशनांवर माणसं जितकी परत फिरत, तितकी मेट्रो कागदावर सुसाट धावे!

ताईंची धाकटी बहीण शिलाई कारखान्यात होती. आणखी एकदा उशीर झाला, तर घरचा रस्ता. "ताई, कधी वीस मिनिटं लागतात, कधी सत्तर. मी निघू तरी कधी गं?"

सकाळची जादा गाडी मिळाली तरच तिचा निभाव होता, म्हणून ताईंनी खरा तक्ता केला. सरासरी गेली खड्ड्यात. वीस दिवसांतल्या सर्वांत वाईट दिवशी किती लागतात? एक तास अकरा मिनिटं.

साहेब दात कोरत वाचत होते. कोरलेलं तक्त्यावर पडलं, ते त्यांनी बोटानं पसरवलं.

"अहो, जादा गाडी दिली तर परत फिरणारे आत चढतील, त्यांची शून्यं जातील. सरासरी बोंबलेल ना!"

"मग आहेत त्यांतलीही एक काढून टाका," ताई फणकारल्या.

साहेबांचा चेहरा उजळला. "काय डोकं आहे हो तुमचं!"

आणि त्यांनी खरंच सोमवारपासून एक गाडी काढली. मंगळवारी धाकटी पाऊण तास उशिरा पोचली. ताई तक्ता घेऊन तडक कारखान्यात गेल्या. सुपरवायझरबाईंनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे ही खोटं बोलत नव्हती तर. ठीक आहे, राहू दे कामावर."

ताईंनी सुस्कारा सोडला. बाई धाकटीकडे वळल्या.

"पण आता कळलंय ना, एक तास अकरा मिनिटं लागू शकतात? मग रोज तेवढं आधी निघायचं. लवकर पोचलीस तर दाराबाहेर उभी राहा. यापुढं सबब चालणार नाही."

"हो बाई," म्हणून धाकटी खाली मान घालून मशीनवर बसली.

ताईंच्या तोंडात थुंकी जमली. फरशी नुकतीच कुणीतरी गुडघे टेकून पुसली होती, म्हणून त्यांनी ती गिळली.