दोन बोटांची फट

"वरती दोन बोटं सोड, आर्मास! तुळईला टेकवू नकोस," ताउनो ओरडला.

उभा वासा धरून मी अवघडलो होतो. "अरे, तुझ्या आज्याने रचलेलं ओंडक्यांचं घर हे. बसायचं ते कधीच बसलंय!"

"खालचे कुजके ओंडके उन्हाळ्यात बदलले ना आपण? नवे ओंडके वाळून आकसतील, तसं घर परत खाली बसणार. चार-पाच वर्षं तरी. फट नाही ठेवली तर वरचं सगळं ह्या कुडावर अडकून राहील. शेजारी फुकट मिळाला, पण अक्कल काही त्याच्याबरोबर आली नाही!"

मी ऐकून घेतलं. माणूस खुशीत होता. गेल्या हिवाळ्यात हिल्काचं, त्याच्या बायकोचं, अर्धं अंग लुळं पडलं. तेव्हापासून त्याच्या तोंडून थट्टा ऐकली नव्हती. इस्पितळातली नर्स म्हणाली होती, घरात संडास-न्हाणी झाली तर घेऊन जा तिला. अंगणापलीकडच्या संडासापर्यंत बर्फातून चाकांची खुर्ची कशी जाणार? म्हणून मागच्या खोलीत हा कूड उभा राहत होता. गंमत म्हणजे हिल्कालाच ह्याची किळस. "चुलीला लागून संडास? शी! माणसं आहोत की गुरं?" असं ती जन्मभर म्हणत आली.

"शिव्या घालेल ती," मी म्हणालो.

"घालू दे की. घरी येऊन घालू दे."

तेवढ्यात त्याची मुलगी मेर्वी आली. वेलदोड्याचे पाव तिने टेबलावर ठेवले, पण कॉफी नको म्हणाली. मी हातातला वासा भिंतीला टेकवला.

"बाबा, हात थांबवा जरा. आईला रात्री परत झटका आला."

"मग?"

"डॉक्टर म्हणतात, आता तिला तिथून हलवायचं नाही. डोळेपण उघडत नाही हो ती."

"दार रुंद ठेवलंय. खुर्ची सहज वळेल."

"बाबा..."

"वळेल म्हटलं ना!"

हिल्का त्याच आठवड्यात गेली. दफनानंतर लोक कॉफी पिऊन पांगले, मी कप विसळत होतो. मागच्या खोलीतून हातोड्याचा आवाज आला. ताउनो काळ्या कोटातच शिडीवर चढला होता आणि त्या फटीत पाचरी ठोकत होता.

"अरे, करतोस काय? घर अडकेल!"

"अडकू दे."

मी त्याचा हात धरला, त्याने तो सोडवून घेतला. अख्ख्या गावाला फट ठेवायला शिकवणारा माणूस! मला रडू आवरेना. तो मात्र एकेक पाचर घट्ट बसेपर्यंत ठोकत राहिला.

बर्फ वितळेपर्यंत खालचे ओंडके वाळून खाली बसले. वरचे कुडावर अडकून राहिले. हिल्काच्या पलंगामागच्या भिंतीतून उजेड दिसू लागला, वारा आत येऊ लागला. फटी बुजवायला मी शेवाळाची गोणी घेऊन गेलो. ताउनो त्याच भिंतीला पाठ लावून बसला होता, अंगावर तिची शाल.

"ठेव तिथे कोपऱ्यात," तो म्हणाला.

गोणी अजून कोपऱ्यातच आहे.