धुक्याच्या गावातला लाल कार्डिगन

मी एक जुना कार्डिगन आहे. पातळ लोकरीचा, समोरून बटणांचा, आणि लाल. माझ्या दोन्ही बाह्यांना कोपरांवर ठिगळे आहेत. खालचे एक बटण मूळचे नाही. पण मित्रांनो, लगेच 'बिचारा' म्हणू नका. कीव करून घ्यायला मी तोंड उघडलेले नाही. मला कसर लागलेली नाही आणि माझा रंग विटलेला नाही. ज्या रंगावरून गावाने एवढे रामायण केले, तो रंग मी एकतीस उन्हाळे सांभाळला आहे. आता माझी बाजूही ऐकून घ्या.

माझा जन्म जपानच्या उत्तरेकडच्या कुशिरो शहरातला. त्सुयाको नावाच्या बाईचे तिथे छोटे दुकान होते. दुकानामागच्या खोलीत तिचे हातयंत्र असे. ती ते एका हाताने इकडून तिकडे सरकवायची आणि सुया खळखळत धागा उचलायच्या. पाठ, दोन पुढे, दोन बाह्या असे माझे पाच तुकडे विणून झाले. तिने ते वाफेवर सपाट केले आणि शिंपल्याची बटणे लावून मला उभे केले. त्या वर्षी तिने बारा कार्डिगन विणले. अकरा राखाडी, बदामी, मातकट, आणि उरलेल्या लाल धाग्याचा बारावा मी. किनाऱ्यावरच्या झुडपांना ऑगस्टात हामानासू या रानगुलाबाची फळे लागतात, अगदी त्या लालीचा.

कुणी विचारेल, उन्हाळ्यात लोकर कशाला? आमच्या किनाऱ्यावर उन्हाळा म्हणजे धुके. समुद्रावरून ते सकाळी येते आणि दुपारीही हलत नाही. त्यात आमच्या लोकांची एक रीत. जूनमध्ये कपडे बदलण्याचा दिवस आला, की जाड स्वेटर आणि कोट पेटीत जातात. मग दात वाजले तरी चालतील, पण ऑक्टोबरच्या आधी पेटी उघडायची नाही. कॅलेंडर म्हणते उन्हाळा, म्हणजे उन्हाळा. अशा वेळी लाज न जाता थंडी घालवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पातळ कार्डिगन.

तरी मी अख्खा उन्हाळा शेवटच्या आकड्याला लटकत राहिलो. बायका यायच्या, माझी बाही चिमटीत धरायच्या, "किती सुंदर आहे!" म्हणायच्या आणि राखाडी घेऊन जायच्या. सुंदर म्हणणे आणि विकत घेणे यांचा आमच्याकडे काही संबंध नाही, हे मी तेव्हाच शिकलो. मला राग यायचा. तो अजून गेलेला नाही.

पुढच्या जुलैत दोघी जणी बसने आल्या. एक हात्सुए, वय त्रेपन्न, अंगाने भरलेली, हसरी. तिच्या गावातल्या मासळीबाजारात ती खानावळ चालवायची. सासूकडून तिच्याकडे आलेली. जागा मच्छिमारांच्या संस्थेची, भांडी आणि कष्ट हिचे. नवरा वारून सहा वर्षे झाली होती. दुसरी योनेको, तिची मदतनीस, सासूच्या वेळेपासूनची. लहानखुरी, वाकलेली, आणि डोक्याच्या रुमालापासून मोज्यांपर्यंत राखाडी.

हात्सुएने आधी बदामी घातला. त्सुयाकोने तिला हात धरून दारापाशी, उजेडात आणले आणि गळ्याखाली कापड धरून पाहिले.

"हा घालून तुम्ही नुकत्या तापातून उठल्यासारख्या दिसता," ती म्हणाली. "कपडा अंगाला बसतो की नाही ते नंतर. आधी चेहऱ्याला पटतो का ते बघायचं."

मग तिने सगळे आकडे चाळले आणि मला काढले. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली. खालची कड कमरेच्या हाडाशी थांबली, रुंद भागावर नाही. बाह्या मनगटाच्या वर. "सगळी बटणं लावू नका," त्सुयाको म्हणाली, "मधलं एकच लावा." हात्सुएने आरशात पाहिले. तिच्या गालांवर उजेड आला, आणि तो माझा होता हे मी छाती पुढे काढून सांगतो.

"या वयात लाल?" योनेको पुटपुटली. "लोक बघतील गं."

"मग बघू देत की," हात्सुए म्हणाली. "बघायला त्यांना दुसरं आहे काय? धुकंच ना?"

योनेकोने स्वतःसाठी राखाडी घेतला. मला त्या वेळी तिचा रागच आला. ती राखाडी का घेते, हे मला कुठे ठाऊक होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीचे दार उघडले आणि टोफूवाली मासायो पातेले घेऊन आत आली. मला पाहून तिचे डोळे विस्फारले. ती बोटे मोजू लागली. आमच्याकडे माणसाला साठ वर्षे पूर्ण झाली, की कालचक्र एक फेरा पुरा करते आणि माणूस पुन्हा बाळ होतो असे मानतात. म्हणून बाळाचा लाल रंग त्याला देतात. लाल बंडी, लाल टोपी, लाल आसन. आता हात्सुएचा नवरा तिच्याहून बराच मोठा होता, पण नवऱ्याच्या वयावरून बायकोचे वय धरायची मासायोची जुनी खोड. तिने हिशेब केला आणि दुपारच्या आत लाल घेवड्याच्या भाताचा डबा घेऊन हजर. "अभिनंदन हं, कळूसुद्धा दिलं नाहीस!" तिच्या मागून आणखी चार बायका आल्या. साठी बुद्धी नाठी म्हणतात. इथे साठी नसलेल्यांचीच नाठी झाली होती.

हात्सुएला हसू फुटले. 'अहो, मी त्रेपन्नाची आहे' असे म्हणायला तिने तोंड उघडले. तेवढ्यात तिला मोरीपाशी पाठमोरी योनेको दिसली. वाट्या घासणारे तिचे हात थांबले होते. हात्सुएने तोंड मिटले.

मित्रांनो, गोष्ट अशी होती. संस्थेच्या आवारात काम करणाऱ्या बाईने साठीला घरी बसायचे, अशी संस्थेची रीत होती. कागदावर कुठे लिहिलेली नव्हती, पण पाळली जायची. आणि योनेकोला गेल्याच वर्षी साठ वर्षे पुरी झाली होती. तिने कुणाला सांगितले नाही. राखाडी घालून, चुलीच्या आड राहून, ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती, आणि तिला तेच हवे होते. घरी तिला कुणी नव्हते. एक रेडिओ आणि एक वाटी. तिचे जेवण, तिची माणसे, तिची चेष्टामस्करी, सगळे त्या खानावळीत होते. 'मी त्रेपन्नाची' असे हात्सुए म्हणाली असती, की पुढचा प्रश्न ठरलेला. मग साठीची कोण?

बायका गेल्यावर योनेको म्हणाली, "सांगून टाक की. एका वाक्याचं काम आहे."

"आणि तुमचं काय?"

"मी बसेन घरी."

"घरी बसून काय कराल?"

योनेको वाट्या पुसू लागली. मग म्हणाली, "निदान तो लाल तरी घालू नकोस. आपोआप विसरतील."

हात्सुएने दुसऱ्या दिवशी मला घातले. तिसऱ्या दिवशीही घातले. माझ्यावर मिसोच्या सुपाचे शिंतोडे उडाले, माशाचा वास बसला, तरी रोज मीच. बाजारात कुजबुज वाढली. म्हातारपणी हिला रंग चढलाय, असेही कुणी बोलले. मी त्यांच्याकडे पाहून आणखी लाल झालो असतो, पण त्याहून लाल व्हायला जागा नव्हती.

शनिवारी संस्थेचा व्यवस्थापक कुमागाई आला. होड्या नुकत्याच परतल्या होत्या आणि सगळी टेबले भरलेली. कुमागाई भला माणूस, पण रीत म्हटली की त्याच्या पाठीत काठी शिरायची. दोन्ही हातांत लाल आसन धरून तो वाकला आणि कागदावरचे भाषण वाचू लागला. इतकी वर्षे केलेल्या सेवेबद्दल आभार, साठीबद्दल अभिनंदन, आणि ऑगस्टअखेर आता स्वस्थ आराम करावा. खानावळ दुसऱ्या कुणाला तरी देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हात्सुएने आसन घेतले नाही. "कुमागाई-सान, आजचं सूप कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"आणि कालचं?"

"तेही चांगलं होतं. पण हात्सुए-सान, हा सुपाचा प्रश्न नाही. रीत आहे."

"मग रीतीला सांगा, माझ्या हातात डाव आहे आणि माणसं उपाशी आहेत."

हे ती ताठ उभी राहून बोलली. तिला एक वाक्य वाचवू शकत होते आणि ते ती गिळून बसली होती. आपली खानावळ जाईल हे तिला कळत होते. तरी नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, की माझी बटणे तुटायची बाकी होती.

तेवढ्यात योनेको चुलीमागून पुढे आली. तिने हात पुसले आणि हात्सुएसमोर उभी राहिली.

"काढ तो."

"योनेको-सान, तुम्ही मध्ये पडू नका."

"काढ म्हणते ना."

आणि तिने स्वतःच माझे बटण सोडवले. भर बाजारात मी एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर गेलो. योनेकोला मी मोठा झालो. खांदे खाली उतरले, बाह्या तळहातापर्यंत आल्या. त्सुयाकोने पाहिले असते तर कपाळावर हात मारला असता. पण योनेकोचा वाकलेला कणा सरळ झाला, हे मी आतून अनुभवले.

"ही त्रेपन्नाची आहे," ती म्हणाली. "साठी माझी झाली, गेल्या वर्षी. कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ध्यानात येऊ नये म्हणून मी झटत होते. अभिनंदन करायचं तर माझं करा. ते आसनही द्या इकडे, पाठ दुखली की बसायला होईल. पण घरी मी जायची नाही."

कुमागाईने कागदाची घडी घातली. "योनेको-सान, तुम्हीच जर असं..."

"तिसऱ्या टेबलाशी तुमचे वडील बसलेत. एकोणसत्तर ना त्यांना? आज पहाटे जाळं ओढून आलेत. त्यांना लाल आसन दिलंत तेव्हा होडी काढून घेतली होती का?"

म्हातारे कुमागाई भातात तोंड घालून बसले होते. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही. योनेकोकडेही पाहिले नाही. नुसती रिकामी वाटी वर धरली.

"योनेको, अजून भात वाढ."

मग शेजारच्याने वाटी पुढे केली. मग त्याच्या शेजारच्याने. योनेको लांब बाह्या सावरत वाढू लागली. कुमागाई आसन बाकावर ठेवून, 'हे बैठकीत मांडतो' असे म्हणून निघून गेला. त्या बैठकीत काय ठरले ते आजतागायत कुणी सांगितलेले नाही. खानावळ मात्र उघडत राहिली. योनेकोने तिथे आणखी तेरा वर्षे भात वाढला.

त्यानंतर मी दोघींचा झालो. एक दिवस हिच्या अंगावर, एक दिवस तिच्या. मासायोने मला नावे ठेवायची ती ठेवलीच, पण मी कुठे विणला गेलो हे मात्र तिने गुपचूप विचारून घेतले. पुढे खानावळ बंद झाली. हात्सुए मुलाकडे राहायला गेली, आणि सुनेने एकदा मला जुन्या कपड्यांच्या पोत्यात कोंबले. तीन दिवस मी त्या पोत्यात होतो. चौथ्या दिवशी हात्सुएने मला बाहेर ओढले आणि सुनेला एवढेच सांगितले, की पोते भरायचेच असेल तर आधी मला विचार.

मला जपा अशी मी विनवणी करणार नाही. पण लोकरीच्या कपड्याचा हक्क काय, तो ऐकून ठेवा. त्याला थंड पाण्यात धुवा. पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा. सपाट वाळवा. आकड्याला टांगू नका, खांदे लोंबतात. भोक पडले तर ठिगळ लावा आणि ते लपवू नका. आणि कपडा घेताना 'लोक बघतील' म्हणून जो मागे ठेवाल, तो एकदा तरी उजेडात गळ्याशी धरून पाहा.

आता एकच सांगायचे उरले. ऐंशी वर्षांची झाल्यावर योनेकोने आपल्या अंत्यविधीला मांडायचा फोटो आधीच काढून घ्यायचे ठरवले. आमच्याकडचे शहाणे लोक तसे करतात. ती मला हात्सुएकडून मागून घेऊन गेली. फोटोवाला तरुण होता, सालस होता. तो म्हणाला, "आजी, काहीही घालून बसा. नंतर आम्ही कपड्यांच्या जागी काळा किमोनो लावतो, सगळ्यांनाच लावतो."

योनेकोने माझ्या लांब बाह्या दुमडल्या आणि खुर्चीवर ताठ बसली.

"चेहरा पुसलास तरी चालेल, बाळा," ती म्हणाली. "याला हात लावायचा नाही."

पोरगा हसला. मग ती हसत नाही हे पाहून त्याने मान डोलावली. सहा वर्षांनी, धुक्याच्या एका सकाळी, गावातली सगळी माणसे काळे कपडे घालून तिच्यासमोर ओळीने वाकली. फुलांच्या मधोमध, फोटोत, योनेको बसली होती, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी, माझ्यात.