सभा देवळात आहे

पंचायतीत मला कुणी हौसेनं घेतलं नव्हतं. बायका घ्यायलाच पाहिजेत असा कायदा आला, म्हणून घेतलं. एक सरपंच हरेश्वरची चुलती सत्यवती. हात वर करायच्या आधी ती पुतण्याच्या तोंडाकडे बघायची. दुसरी मी, रतन. कोळीवाड्यातली, चौथी शिकलेली, तोंडाची फटकळ. मासे विकणारी बाई सभेत काय बोलणार, असं त्यांना वाटलं असणार. मेल्यांनी मला बाजारात कधी ऐकलंच नव्हतं!

दीड वर्ष मी चटईवर बसून नुसता चहा प्याले. मग एकसष्ट साली ठराव आला, की बंदरालगतची आमची वाळवणाची जागा मुंबईच्या एका शेठला बंगल्यासाठी द्यावी. अख्ख्या कोळीवाड्याचे बोंबील तिथं वाळतात. मी ताडकन उठले. "मग बोंबील काय तुमच्या माडीवर वाळत घालू?" सगळे हसले. हरेश्वर हसला नाही. त्यानं मनात हात मोजले होते. माझ्यासकट आम्ही पाच, ते चार. मी नसले तर चार-चार, आणि बरोबरी झाली की सरपंच म्हणेल तेच खरं. "पुढच्या सभेत बघू," म्हणाला.

पुढची सभा दोनदा लांबली. एकदा त्याला ताप आला, एकदा घरी पाहुणे आले. मग मी बाहेरची झाले, आणि वेगळा तांब्या घेऊन मागच्या पडवीत बसले. गावात हे लपत नाही. विहिरीवर कोण आली नाही, ते हरेश्वरच्या बायकोला, केसरला, पहिल्या घागरीला कळतं. त्याच संध्याकाळी पंचायतीचा शिपाई अनंता अंगणात लांब उभा राहून ओरडला, "रतनबाय, उद्या सकाळी सभा हाय. देवळात!"

पंचायतीला कचेरी नव्हती. सभा नेहमी देवीच्या मंडपातच व्हायची, आणि मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र अंगाचा नुसता तिळपापड झाला. परक्या पुरुषानं माझे दिवस मोजले होते! रागापेक्षा लाजच जास्त वाटली.

नवरा, धर्माजी, म्हणाला, "गप बस. चार दिसांनी काय ते बोल."

"चार दिसांनी जागा ऱ्हाईल का?"

त्यानं फाटकं जाळं पुढं ओढलं आणि शिवायला घेतलं.

सकाळी मी देवळाच्या पायरीखाली जाऊन उभी राहिले. "सरपंच, सभा भायेर घ्या. शाळेत घ्या, वडाखाली घ्या, कुठंबी घ्या."

हरेश्वर मंडपातून इतका गोड बोलला, की काय सांगू. "का गो रतन? नेहमीचीच जागा हाय. तुला कुणी अडवलंय? कायदाच म्हणतो ये. ये की आत!"

अडवलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला येतं. पण तो तर ये म्हणत होता.

खरं सांगते, देवीची भीती मलाही होती. पण जागा जायची भीती त्याहून मोठी. मी पायरीवर पाय ठेवला, आणि मागून मनुबाईनं विटाळ विसरून माझं मनगट धरलं. मनुबाई विधवा. त्या जागेतल्या बोंबलांवरच तिचं घर चालतं.

"नको गो रतन. माझा कान्हा रातचा दर्यात गेलाय. वारा बघ कसा सुटलाय."

"मनुबाई, जागा जाते गो आपली!"

"जाऊ दे. पोर येऊ दे माझं."

मागं कोळीवाड्याच्या बायका जमल्या होत्या. कुणाचा नवरा दर्यात होता, कुणाचा भाऊ. एकीच्याही तोंडून 'जा' निघालं नाही. मी पाय खाली घेतला.

खालूनच हात वर केला. "माझा इरोध हाय! लिवा!" आत कुणी मान वळवली नाही. ठराव मंजूर झाला, आणि वहीत माझ्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

शेठचे गडी तयारच होते. दुपारपर्यंत जागेला तारेचं कुंपण पडलं.

संध्याकाळी कान्हा आला. होडी बोंबलांनी काठोकाठ भरलेली. मनुबाई टोपली घेऊन माझ्या पडवीशी धावत आली, आणि लांबूनच ती खाली ठेवली. सकाळी मला शिवली म्हणून ती न्हाऊन मोकळी झाली होती. डोळ्यांना पाणी, तोंडभर हसू.

"तुझे लई उपकार गो बाय. तू आत न्हाय गेलीस, म्हणून माझं पोर घरी आलं."

नाही म्हणायची सोय नव्हती. पोर मागं धडधाकट उभं होतं. आणि पुढच्या सभेलाही कुणाचं ना कुणाचं माणूस दर्यात असणारच.

मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "होडीभर बोंबील हायत. आता वाळत घालू कुठं, ते सांग," ती म्हणाली. "तू पंचायतीत हायस ना? बघ की कायतरी."