भिंगाची वाटणी

बाबांनी जाण्याआधी लेन्सची वाटणी केली. लोकांकडे जमीन असते, दागिने असतात. आमच्याकडे वाटण्यासारखी ती एकच वस्तू होती, मोठ्या पेटी-कॅमेऱ्याची जुनी पितळी लेन्स. पुढचं भिंग दादाला, मागचं धाकट्याला आणि मधली नळी मला. नळीत काच नव्हतीच, होतं ते फक्त लहानमोठं करता येणारं छिद्र. थोडक्यात, दोन मुलांना भिंगं मिळाली आणि मुलीच्या वाट्याला भोक आलं. मला राग आला होता, अजूनही येतो.

तसा बाबांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या लेन्सची गंमतच अशी की दोन्ही भिंगं नळीत बसवली की सगळं घर फोटोत मावतं. एकच भिंग लावलं तरी फोटो निघतो, फक्त माणूस जवळ आल्यासारखा मोठा दिसतो आणि त्याच्या कडांवर मऊ उजेड पसरतो. "तुमचं एकमेकांवाचून अडणार नाही," बाबा म्हणाले. हे एवढं एकच वाक्य माझ्या भावांनी मनावर घेतलं. बाबांच्या फोटो स्टुडिओच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि दोघांनी बोलणं टाकलं.

छिद्र माझ्याकडे, त्यामुळे दोघांची भिंगं सताड उघडी. दादाने आपलं बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यात बसवलं, धाकट्याने पुठ्ठ्यात. मग गिऱ्हाईक कुणीही असो, फोटोत धुक्यातून वाट चुकून आल्यासारखं दिसायचं. दादा त्याला आपली शैली म्हणायचा. धाकटा म्हणायचा, दादाने माझी शैली ढापली. माझी नळी स्वयंपाकघराची खिडकी आपटू नये म्हणून फटीत अडकवलेली होती. तिघांच्या हिश्शांपैकी धड काम तेवढंच चाललं होतं.

मग आईच्या डोळ्यांचं निघालं. आई माझ्याकडे असते. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग विझत चाललाय, कडेकडेचं दिसत राहील, इलाज नाही. आईने ऐकून घेतलं आणि घरी येऊन फर्मान काढलं, "तुम्हा तिघांच्या मधे बसून मला एक फोटो हवाय. एकाच कागदावर. दिसतंय तोवर."

दादा आला, एकटा. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकला, तरी त्याच्या अर्ध्या लेन्समध्ये आई आणि माझं कोपर एवढंच मावलं. दुसऱ्या दिवशी धाकटा आला. त्याच्या भिंगात तर आईसुद्धा पुरती मावेना.

"दोन्ही भिंगं जोडा," मी म्हटलं, "नाहीतर नळी भंगारात घालते."

धमकी लागू पडली. रविवारी दोघं आपापलं भिंग रुमालात गुंडाळून आले. मी खिडकीतून नळी काढली आणि लेन्स कॅमेऱ्यावर चढली. ठरलं असं, की फोकस दादा करणार, छिद्र धाकटा बघणार, लेन्सचं टोपण दादाबरोबर आलेली वहिनी काढणार. आई खुर्चीवर, दोन बाजूंना दोन स्टुलांवर मुलगे, आणि मी, अर्थातच, खुर्चीच्या मागे.

"त्याला सांग, स्टूल पुढे घे म्हणावं," दादा काळ्या कापडातून म्हणाला.

"दादा म्हणतो, स्टूल पुढे घे."

"त्याला सांग, मला ऐकू येतं."

"दादा, त्याला ऐकू येतं."

"मग घेत का नाही?" आई म्हणाली.

दादाने छिद्र पूर्ण उघडं ठेवून आईच्या डोळ्यांवर फोकस जुळवला. कापडातून बाहेर येऊन तो स्टुलावर बसला. मग धाकटा उठला, धुकं कमी व्हावं म्हणून छिद्र बारीक केलं आणि जागेवर जाऊन बसला. आता, ही लेन्स लहरी आहे. छिद्र बारीक केलं की तिचा फोकस मागे सरकतो. म्हणून फोटो ज्या छिद्रावर काढायचा, फोकसही त्याच छिद्रावर करायचा, हे बाबांनी आम्हा तिघांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. पण दादाला वाटलं, छिद्र बदलताना धाकट्याने फोकसही बघितला असेल. धाकट्याला वाटलं, दादाने आधी बारीक छिद्रावर फोकस बघूनच ते परत उघडलं असेल. विचारायचं तर बोलावं लागलं असतं. निरोप्या मीच, म्हणून मी तोंड उघडलं.

"हलू नकोस!" दोघं एकदम ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते या एका बाबतीत.

वहिनीने टोपण काढलं आणि घातलं.

प्रिंट घेऊन दोघं आले तेव्हा चेहरे पडलेले होते. आई धूसर, दादा धूसर, धाकटा धूसर. सगळा फोकस मागे सरकून खुर्चीमागच्या बाईवर बसला होता. माझा केसन् केस मोजता येत होता. "त्याची चूक आहे," असं दोघांनीही मला सांगितलं.

आईने फोटो खिडकीपाशी नेला. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. तिला या फोटोत काय दिसणार?

"ही मागे कोण गं?"

"मी आहे, आई."

आईने फोटो आणखी जवळ धरला. मग म्हणाली, "तू इतकी थकलीस कधी?"

दोघं भाऊ आईच्या खांद्यावरून वाकले. आधी त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा फोटोकडे.

"या महिन्यात आई माझ्याकडे राहील," दादा धाकट्याला म्हणाला, थेट त्याच्या तोंडाकडे बघून.

"का म्हणून? आधी माझ्याकडे!"

"मी थोरला आहे."

"म्हणून काय झालं?"

दोघं कडाकडा भांडायला लागले. आई फोटो मांडीवर ठेवून ऐकत बसली. मी मधे पडले नाही, कुणाचा निरोप कुणाला दिला नाही. आत गेले आणि भरदुपारी आडवी झाले.